मास्तरांचा प्रवेशअर्ज

मास्तर चौदाव्या वर्षीच मास्तर झाले. वडील अचानक गेले, शिलाईचं दुकान चालवायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून शाळा सोडून पोरगा मशीनवर बसला. पहिलंच गिऱ्हाईक आत आलं आणि म्हणालं, "मास्तर, पँट झाली का?" झालं! त्या दिवसापासून खरं नाव फक्त कागदोपत्री उरलं. शिवायला शिकवलं कुणी? कुण्णी नाही. जुने कपडे उसवायचे, टाके कसे गेलेत ते बघायचं, परत शिवायचे. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, चुकला की गिऱ्हाईक आरडाओरडा करायचं, पण तो का चुकला हे सांगणारं माणूस काही त्यांना भेटलं नाही. ही रुखरुख बावन्नाव्या वर्षीही जशीच्या तशी होती.

दोन वर्षांपूर्वी भाचीनं आपला जुना कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवला. मापं टाकली की कापड कसं कापायचं त्याचा नमुना छापून देणारा एक प्रोग्रॅम त्यात होता. ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावा, उघडून आत बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. आता उघडून बघा म्हटल्यावर मास्तर गप्प बसतात होय? त्यांनी तो ओळ न् ओळ उसवला आणि उसवता उसवता प्रोग्रॅमिंग शिकले.

एक दिवस त्याच प्रोग्रॅमच्या पानावर सूचना आली. उन्हाळ्याचे तीन महिने नवशिक्यांना एकेक मार्गदर्शक मिळेल. वयाची अट नाही.

"अगं, मला शिकवायला माणूस मिळतंय!" मास्तर ओरडले.

काजं करत बसलेल्या बायकोनं चष्म्यावरून पाहिलं. "या वयात?"

"मग कधी? आधी मिळालं होतं का?"

अर्जात बारा आठवड्यांचं वेळापत्रक मागितलं होतं. मास्तरांनी बाराही रकान्यांत इमानेइतबारे लिहिलं, 'गुरुवारी देतो.' दोन दिवसांत उलट विचारणा आली, 'कुठल्या गुरुवारी?' मास्तरांना हे फार लागलं. "अडतीस वर्षं धंदा केला, असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. बायको म्हणाली, "रोज विचारतात. तुम्ही तेव्हा मशीन जोरात चालवता."

दुसरी अट अशी की अर्जाबरोबर एक तरी दुरुस्ती करून दाखवायची. चूक शोधायला लांब जावं लागलं नाही. त्या प्रोग्रॅमची बाही इतकी ढगळ यायची, की एका बाहीत दोन दंड मावावेत. तीन वर्षं जगभरचे हुशार लोक त्यावर भांडत होते. कुणी म्हणे गणित चुकलं, कुणी म्हणे प्रिंटर. मास्तरांनी आत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. हा प्रोग्रॅम लिहिणारे सहाही जण शिंपी! शिंपी शिवणीत माया ठेवतो, म्हणजे पुढे माणूस सुटला तर कपडा सैल करता यावा म्हणून जास्तीचं कापड आत दुमडतो. आणि दुसऱ्या शिंप्यानं ती ठेवली असेल यावर कुठल्याही शिंप्याचा विश्वास नसतो. प्रत्येकानं गुपचूप आपापली माया घातली होती. मास्तरांनी पाच काढल्या, एक ठेवली आणि अर्ज पाठवून दिला.

मग निकालाची वाट. मास्तरांनी नवी वही आणली, पेन्सिलींना टोक काढून ठेवलं आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला तीन बाह्या लावल्या.

निकाल आला. बायकोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. 'आपली दुरुस्ती पाहून आम्ही थक्क झालो. आपल्याला नवशिक्या म्हणून घेणं शक्य नाही. आपण मार्गदर्शक व्हावं, ही विनंती.'

"अहो, अभिनंदन!" ती म्हणाली.

मास्तर उठले, ट्रायल रूममध्ये गेले आणि पडदा ओढून घेतला. आतून नाक ओढल्याचा आवाज आला. "परत तेच," ते म्हणाले. "इथेही मीच मास्तर."

बायको कॉम्प्युटरपुढे बसली आणि एका बोटानं उत्तर लिहिलं, 'तयार आहेत. पण रोज अर्धा तास त्यांना कुणीतरी रागावलं पाहिजे.'

यावर तिकडे म्हणे आठ दिवस बैठका झाल्या. नियमात बसत नव्हतं. शेवटी मतदान होऊन रागावण्याचं पद मंजूर झालं आणि एका बावीस वर्षांच्या मुलीची त्यावर नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती मुलगी आली. मास्तर वही उघडून ताठ बसले होते. प्रोग्रॅममधला कॉलरचा भाग त्यांनी सबंध एका दमात लिहून पाठवला होता.

"खूप छान झालंय," ती चाचरत म्हणाली, "फक्त एक छोटंसं..."

"असं नाही," मास्तर कळवळून म्हणाले. "नीट सांगा. का चुकलं ते सांगा."

तिनं एकदा खाली पाहिलं, मोठा श्वास घेतला.

"हे काय केलंय? मध्ये एकदाही चालवून बघितलं नाहीत? म्हणून पहिल्या ओळीतली चूक शेवटपर्यंत गेलीय. सगळं उसवा, आणि या वेळी मला दाखवत दाखवत करा."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"हो, बाई," ते म्हणाले.