उजवीकडचं स्केल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय, आणि तेही नीट जमेल की नाही याची शंका आहे — कारण याआधी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा स्वतःला चांगलं ठरवून उठले.

गोष्ट तशी एवढीशी. एका चार्टची. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? म्हणा. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच म्हणत आले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पुण्याजवळ मांजरी गावाच्या वाटेवर एका कारखान्यात मी नोकरीला लागले. गाड्यांच्या इंजिनात बसणाऱ्या पिना तिथे बनायच्या. नवनव्या गाड्या बाजारात येत होत्या, आणि पिना घेणाऱ्या कंपन्यांना आता सगळं छापील, चकाचक हवं असायचं. आमच्या क्वालिटी विभागात कॉम्प्युटर एकच, आणि तो चालवता येणारी मी एकटी. वय चोवीस. डेक्कनवर सहा महिने क्लास केला होता. त्या सहा महिन्यांचा तोरा — विचारू नका.

आणि तिथे ओव्हाळबाई होत्या. पंचेचाळिशीच्या. खडकीहून दोन बस बदलून यायच्या, तरी साडेआठच्या ठोक्याला टेबलाशी हजर. दर महिन्याचा चार्ट त्या हाताने काढायच्या, ग्राफपेपरवर. किती माल बनला त्याचे निळे खांब, आणि त्यातला शेकडा किती बाद झाला त्याची लाल रेघ. खांबांचं स्केल डावीकडे, हजारांत. रेघेचं उजवीकडे, टक्क्यांत. दोन्ही एकाच कागदावर, आणि शाईचा एक ठिपका इकडचा तिकडे नाही. एकदा माझी टक्केवारी चुकली होती. ती त्यांनी पकडली — सगळ्यांदेखत नाही, माझ्या टेबलाशी येऊन, हळू आवाजात. तरी मला राग आला तो आलाच.

एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, हाताने काढलेले चार्ट बंद. बाईंनी तीन महिन्यांत कॉम्प्युटरवर चार्ट काढायला शिकावं. शिकल्या तर त्यांची खुर्ची त्यांची, नाहीतर पॅकिंगमध्ये बदली. पॅकिंगमध्ये खुर्च्याच नव्हत्या. दिवसभर उभं राहून खोक्यांवर लेबलं लावायची. बाईंचे गुडघे दुखतात हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आणि त्यांना शिकवायचं कुणी? मी.

माझी नोकरी पक्की होती — हे आधीच सांगून ठेवते. पोटावर पाय येईल म्हणून केलं असेल, असं तुम्हाला वाटायला नको.

जेवणाच्या सुट्टीत, डबा पाच मिनिटांत उरकून बाई माझ्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या. माउस पहिल्यांदा धरला तेव्हा तो सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला. मी हसले, मग त्याही हसल्या. पण तिसऱ्या आठवड्यात — तिसऱ्याच! — त्या खांबांचा चार्ट काढून, त्यातले टक्क्यांचे खांब निवडून त्यांची रेघ करून दाखवत होत्या. रंग बदलत होत्या, अक्षरं लहानमोठी करत होत्या. मला जे शिकायला बापाच्या पैशाने सहा महिने लागले, ते ही बाई डब्याच्या सुट्टीत शिकत होती. घरी एकदा त्यांचा विषय काढला, तर वडील आडनाव ऐकून म्हणाले, "मग काय, त्यांना सगळं ताटात वाढून मिळतं." मी मान डोलावली. खासगी कारखान्यात कुठलं आलंय ताट? ट्रेसिंगचा, म्हणजे आराखडे हाताने उतरवण्याचा, कोर्स करून, आपल्या हाताच्या जोरावर ती बाई तिथे आली होती, हे मला माहीत होतं. तरी मान डोलावली.

आता येते मुद्द्यावर. येतेच.

रेघ झाली खरी, पण ती तळाला चिकटून पडली. पडणारच — खांब बारा हजारांचे, रेघ चार-पाच टक्क्यांची, आणि स्केल दोघांना मिळून एकच. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, ही तर झोपली. उजवीकडचं स्केल कुठंय?"

तुम्ही हे काम करत असाल तर तुम्हाला उत्तर ठाऊकच आहे. रेघेवर दोनदा क्लिक करायचं, दुसऱ्या अक्षापुढे एक खूण करायची, ओके म्हणायचं. उजवीकडे नवं स्केल उभं राहतं आणि रेघ उठून आपल्या जागी जाते. शिकवायचं एवढंच राहिलं होतं. क्लिक कुठे करायचं तेवढं त्यांना माहीत नव्हतं. काय हवं, ते त्यांना मी शाळेत होते तेव्हापासून माहीत होतं.

मी म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये ते नसतं, बाई. एकच स्केल असतं."

तोंडातून निघून गेलं म्हणू? निघून गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता आलं असतं. पुढचे दोन महिने त्या रोज माझ्या शेजारी बसत होत्या.

त्यांनी विश्वास ठेवला. पण हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आठवड्याभरात त्यांनी तोड काढली — टक्क्यांना हजाराने गुणलं. चार टक्क्यांचे चार हजार झाले, रेघ तळ सोडून वर आली, आणि चार्टखाली त्यांनी एक ओळ टाइप केली : लाल रेघ, टक्के गुणिले हजार. मला हे सुचलं नसतं. आजही सुचणार नाही. त्या इतक्या खूश होत्या, आणि मला वाटलं — आता हिला हरवायलाच पाहिजे.

तीन महिने भरले. पिना घेणाऱ्या एका बड्या कंपनीचे अधिकारी आले होते, आणि चार्ट समजावून सांगायचं काम साहेबांनी मुद्दाम बाईंना दिलं. प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीटवर तो छापून द्यायचं काम माझं. छापताना खालची ओळ कापली गेली. मला दिसलं. पुन्हा छापायला कितीसा वेळ लागला असता? तीच शीट मी बाईंच्या हातात ठेवली, दाराशी, आत जाता जाता. आणि माझ्या फाइलमध्ये दुसरी शीट होती — दोन स्केलची. आदल्या दिवशीच करून ठेवलेली.

भिंतीवर चार्ट पडला. पाहुण्यांनी रेघ डावीकडच्या स्केलवर वाचली. बारा हजारांत चार हजार पिना बाद! ते एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांचा आवाज गोड झाला. तो गोड झाला की आम्ही घाबरायचो.

"ओव्हाळबाई, तीन पिनांमागे एक भंगारात जाते, हे आपण आधी कळवलं असतंत तर मी कारखान्याऐवजी भंगाराचं दुकान काढलं असतं."

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "सर, खाली ओळ आहे —" आणि वळून पाहतात तर ओळ नाही. "हजाराने गुणलंय, सर. कॉम्प्युटरमध्ये उजवीकडचं स्केल नसतं, म्हणून."

तेव्हा मी उठले. त्यांची शीट काढली, माझी ठेवली. निळे खांब, लाल रेघ, उजवीकडे टक्के.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. नसतं असं सांगितलं कुणी, साहेबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "माझाच समज झाला, सर." मला वाचवलं का त्यांनी? की माझं नाव घेतलं तरी तिथे त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं? मला वाटतं, यातलं दुसरं खरं.

आणि मला काय वाटलं, सांगू? मजा वाटली. पाहुणे माझं कौतुक करत होते, बाई भिंतीशी उभ्या होत्या, आणि मला मजा वाटत होती.

इथवरचं एखाद्या वेळी कुणाला सांगितलंही असतं. जीभ अडते ती यापुढे.

सोमवारपासून बाईंना पॅकिंगमध्ये जायचं होतं. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्या आल्या, नेहमीसारखं स्टूल ओढलं आणि बसल्या. आता बोलणार, मला वाटलं. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्या म्हणाल्या, "ते उजवीकडचं स्केल कसं आणायचं, तेवढं दाखव गं."

रागाने नाही. टोमणाही नाही. त्यांना खरंच बघायचं होतं.

खोलीत आम्ही दोघीच होतो. कॉम्प्युटर चालू होता. निकाल लागून गेला होता, हरवायला आता कुणी उरलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "आता तुम्हाला काय करायचंय त्याचं, बाई?"

त्या उठल्या, स्टूल भिंतीशी सरकवलं आणि गेल्या. मी डबा उघडला आणि जेवायला बसले.