अक्कल, दाढ आणि ताईचा मायेचा घास

लोक त्याला कवळीवाला म्हणायचे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि त्यांवरून तो घरीच कवळ्या करायचा. पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा आणि घासायचं चाक असे. टेबलाखालच्या पिंजऱ्यात दोन गिनीपिग माद्या राहायच्या. वरच्या मजल्यावरचं कुटुंब घर बदलताना त्यांना दोन दिवसांसाठी म्हणून ठेवून गेलं, ते परत काही आलं नाही. त्याने दोघींची नावं ठेवली अक्कल आणि दाढ. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "माझी अक्कल खाली बसलीय, जरा पाय जपून."

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. या दोघी फ्रिजचं दार वाजलं की शिट्ट्या मारायच्या, तेवढीच जाग. तो त्यांना मूठ मूठ वाळलं गवत घालायचा, रोज ढोबळी मिरचीची एक फोड द्यायचा आणि कामाला लागायचा.

मग मोठी बहीण राहायला आली. मुलाच्या घराचं काम निघालं होतं, ते होईपर्यंत. ताईच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. भावाने तिच्यासाठी आजवर तीन कवळ्या केल्या होत्या आणि तिन्ही तिने पेल्यात बुडवून ठेवल्या होत्या. टोचतात, म्हणायची. तिचं सगळं जेवण मऊ: दुधात कुस्करलेला पाव, उकडलेला बटाटा, चहात बुडवलेलं बिस्कीट.

तिला त्या दोन जिवांची भारी दया आली. कोरडं गवत चघळून कुणाचं पोट भरतं का? दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार. भाऊ चाकावर बसला की ती आपल्या बशीतला घास पिंजऱ्यात सारायची. दाढ हुंगून मागे सरायची. अक्कल मात्र मागच्या दोन पायांवर उभी राहून मागायची, आणि ताई विरघळायची.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी फ्रिजचं दार वाजलं आणि शिट्टी एकच आली. अक्कल कोपऱ्यात फुगून बसली होती. मिरचीची फोड तोंडाजवळ नेली, तिने घेतली आणि टाकली. हनुवटीखालचे केस लाळेने भिजले होते. कवळीवाल्याने हातातला जबडा खाली ठेवला, अंगात सदरा अडकवला आणि तिला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाला. ताई चप्पल घालून मागोमाग निघाली.

बाईंनी छोट्या दिव्याने अक्कलचं तोंड तपासलं. गिनीपिगचे दात जन्मभर वाढतात, त्या सांगू लागल्या. गवत चावूनच ते झिजतात. हिच्या दाढा वाढून जिभेवर कमानीसारख्या वाकल्या आहेत, म्हणून गिळता येत नाही. भूल देऊन घासाव्या लागतील. मग त्यांनी विचारलं, "मऊ काही देता का हिला? पाव, बिस्किटं, दूध?"

तो ठामपणे नाही म्हणाला. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत भिंतीकडे बघत राहिली, आणि तिच्याकडे बघून त्याला सगळं कळलं.

अक्कलला बाईंकडेच ठेवून घरी येईपर्यंत तो दातओठ खात होता. निम्मा राग स्वतःवरच होता. जन्म दातांत गेला आणि पायाशी वाढणाऱ्या दाढा दिसल्या नाहीत. दार लावल्यावर तो बोलायला वळला, तर ताई आधीच पिंजऱ्याशी खाली बसली होती.

"लहानपणी तू तापाने फणफणला होतास तेव्हा मी तुला हेच भरवलं होतं," ती म्हणाली. "आई नव्हती. दुसरं काही मला येत नव्हतं. तू बरा झालास की नाही?"

या बहिणीला बोल लावायला त्याची जीभ उचलेना. पण पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हेही त्याने तिथेच ठरवलं.

"ताई, तू देत राहा," तो म्हणाला. "पण काय द्यायचं ते आता आपण बाईंना विचारून ठरवायचं. मनाने नाही. मीसुद्धा नाही."

घासलेल्या दाढांसह अक्कल घरी आली, पण खायचं नाव घेईना. बाईंनी गवताची पूड दिली होती. ती पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या कडेने थोडी थोडी सोडायची. भावाचे हात बारीक कामाचे, म्हणून पिचकारी त्याच्याकडे. ताईने अक्कलला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं. अक्कल अर्धं थुंकायची. ताई तोंड पुसायची आणि म्हणायची, "चल, पुन्हा." तिचं स्वतःचं जेवण ताटात गार होऊन जायचं. भाऊ दमून उठला तरी ती उठायची नाही.

चौथ्या दिवशी ताईने कोथिंबिरीची एक काडी अक्कलच्या नाकासमोर नुसती धरून ठेवली. हात अवघडला तरी हलवला नाही. बऱ्याच वेळाने अक्कलने टोक ओढलं, आणि मग काडी हळूहळू तोंडात जाऊ लागली. भाऊ चाक बंद करून ऐकत राहिला. कुरूमकुरूम आवाज येत होता. ताईने डोळे पुसले आणि दुसरी काडी घेतली.

त्यानंतर खाऊचं खातं तिने स्वतःकडे घेतलं. गवत आधी, तेही पिंजरा भरून. ढोबळी मिरची रोज, कारण या जातीच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, हे ती भाजीवालीलाही सांगून आली. काकडीची चकती कधीमधी. सफरचंदाची नखाएवढी फोड, बिया काढून, आठवड्यातून एकदा, कारण गोड फार झालं की पोट बिघडतं. कांदा, लसूण, बटाटा पिंजऱ्याच्या आसपाससुद्धा नाही. नवी भाजी आणली की आधी अगदी थोडी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. भावाने एकदा लाडात येऊन सफरचंदाची दुसरी फोड उचलली, तर तिने ती काढून घेऊन त्यालाच खायला लावली.

अक्कल जगली, पण तिच्या तोंडातली एक दाढ वाकडीच वाढू लागली. ती अधूनमधून घासावी लागणार, असं बाईंनी सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि पुढची तारीख मागितली.

घराचं काम आटोपल्यावर ताईचा मुलगा तिला न्यायला आला. बूट काढता काढता पिंजऱ्याशी वाकला आणि खिशातलं क्रीमचं बिस्कीट जाळीतून आत सारू लागला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"एवढंसं तर आहे, आई."

"मीही एवढंसंच दिलं होतं," ती म्हणाली.

त्याने बिस्कीट खिशात घातलं आणि तिची पिशवी कुठे आहे, ते विचारलं. पिशवी भरलीच नव्हती. पुढच्या आठवड्यात अक्कलची तारीख आहे, ती झाल्यावर बघू, असं तिने त्याला सांगितलं आणि विळीवर मिरची चिरायला बसली. पिंजऱ्यात दोन शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.