दोन जिताडी, विकायची नाहीत

मोठागावच्या भिवाजीची सायकल म्हणजे सायकल कमी आणि बैलगाडी जास्त. मागे पाटाएवढं लोखंडी कॅरिअर, पुढे जाडजूड दांडी आणि हँडलला रबरी भोंपू. या सायकलवर भिवाजीने उभी हयात डोंबिवलीत मासळी विकली. बिल्डिंगखाली उभं राहून भोंपू दाबला की ग्यालऱ्यांत बायका ताटं घेऊन हजर. पुढे खाडीत जिताडीसारखी मासळी राहिली नाही, आणि जयेशने, म्हणजे मुलाने, "बाबा, आता बस झालं" म्हणून धंदा बंद करायला लावला. सायकल मात्र भिवाजीने भंगारात जाऊ दिली नाही. रोज पुसायचा, आठवड्याला तेल द्यायचा. शेजारीपाजारी हसायचे. हसोत बापडे!

मग एक दिवस मुलांच्या शाळेचा व्हॅनवाला धंदा सोडून गावी निघून गेला. जयेशची कंपनीत पाळी, सून विनिता सकाळीच ठाण्याला चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. नात प्राप्ती दुसरीत, नातू बंटी छोट्या शिशूत, आणि शाळा दुपारची. त्यांना पोचवणार कोण?

"मी हाय ना," भिवाजी म्हणाला.

दोन दिवस तो वेल्डिंगवाल्याच्या मानगुटीवर बसला. कॅरिअरवर पाठ असलेली खुर्ची झाली, दांडीवर छोटी सीट झाली, चाकात पाय जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी जाळी लागली. जड माल मागे, हलका पुढे, हा त्याचा जुना कायदा. त्यामुळे प्राप्ती मागे आणि बंटी पुढे. दोघांच्या कमरेला जुन्या ट्यूबची पट्टी. मासळीची पेटी बांधताना मारायचा तीच गाठ त्याने इथेही मारली, आणि दोनदा ओढून बघितली.

पहिल्याच आठवड्यात भोंपूने घोळ घातला. बंटीच्या हाताशी भोंपू, आणि बंटी काही साधुसंत नव्हता. दर वळणावर पों पों! जुनी गिऱ्हाइकं ताटं घेऊन खाली. बोलण्यात वेळ जायचा आणि शाळेला उशीर व्हायचा. विनिताने शांतपणे सांगितलं, "बाबा, तो भोंपू काढा." भिवाजीने काढला. सून बोलते ते बरोबरच बोलते, हे त्याला कबूल होतं. फक्त ती जरा कमी बोलली असती तर बरं, एवढंच त्याचं म्हणणं.

खरा घोटाळा मार्चमध्ये झाला. वाटेत एक पिंपळ आहे. मासळीच्या दिवसांत भिवाजी तिथे हमखास थांबायचा आणि मालावरच्या गोणपाटावर पाणी मारायचा, नाहीतर उन्हात माल उतरतो. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. भिवाजीचं डोकं कुठेतरी, हात मात्र जागेवर. पिंपळाखाली सायकल थांबली, बाटली निघाली आणि भिवाजीने पुढच्या-मागच्या मालावर व्यवस्थित पाणी शिंपडलं. बंटी आनंदाने किंचाळला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हा माल नाही, ही पोरं आहेत! गणवेश ओलेचिंब, प्राप्तीची वेणी निथळतेय. शाळेतून बाईंनी विनिताला फोन लावला.

रात्री जेवताना विनिताने ताट पुढे सरकवलं. "मुलांना काय मासळी समजलात का, बाबा? हसू नको हं, जयेश! उद्या आजारी पडली तर? मी ठरवलंय. जूनपासून दोघं ठाण्याला, खोपटला माझ्या आईकडे. शाळा समोरच आहे, मीपण तिथूनच कामाला जाईन. शनिवार-रविवार येऊ ना आम्ही."

जयेश भातात बोट फिरवत बसला. पोरं गेल्यावर हे घर आपल्याला खायला उठेल, हे भिवाजीला तिथेच समजलं. पण चूक आपली. तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं?

वार्षिक परीक्षेचा पहिला दिवस आला. विनिताने रजा घेतली होती. "आज रिक्षाने नेते," ती म्हणाली, आणि तिघं गेली. भिवाजीला राग आला. सुनेचा नाही, स्वतःचाच. त्याने माळ्यावरचा भोंपू काढला आणि हँडलला परत घट्ट बसवला. पोरंच नाहीत तर भोंपूला बंदी कुणाची? आणि निघाला उगाच बाजाराकडे.

अर्ध्या वाटेवर बघतो तर रस्ता खोदलेला, त्यात सिमेंटचा एक ट्रक आडवा रुतलेला, आणि अलीकडे-पलीकडे रिक्षाच रिक्षा. त्यातल्या एका रिक्षाशेजारी विनिता उभी. कडेवर बंटी, हाताला प्राप्ती, आणि प्राप्तीच्या डोळ्यांतून धारा. "आई, गेट बंद करतात गं! मग पेपरला बसू नाही देत!"

विनिताने सासऱ्याला पाहिलं. सायकल पाहिली. भोंपूही पाहिला. मग तिने बंटीला उचलून दांडीवरच्या सीटवर बसवलं.

"पोचवा, बाबा."

"अन् तू?"

"मी येते मागून चालत. जा तुम्ही!"

भिवाजीने पट्ट्या बांधल्या, दोनदा ओढल्या आणि सायकल रस्त्यावर न घालता सरळ शेजारच्या सोसायटीत घातली. मासळीवाल्याचा रस्ता कधीच पुढून नसतो. एका बिल्डिंगच्या मागच्या फाटकातून दुसरीच्या आवारात, तिथून तिसरीच्या, अशी त्याची जुनी फेरी होती. पण मागच्या फाटकाला कुलूप, आणि कुलपापाशी नवा वॉचमन, जगन.

"काका, इकडून जायला परमिशन नाही."

भिवाजी काही बोलायच्या आत बंटीने भोंपू दाबला. पों पों पों! तिसऱ्या मजल्यावरचं दार धाडकन उघडलं. जुन्या गिऱ्हाईक कर्णिकबाई ताट घेऊनच बाहेर आल्या.

"भिवाजी! अहो, किती दिवसांनी! आज काय आणलंय?"

"दोन जिताडी हायेत, बाई! पन इकायची नाय, शालेत पोचवायची हायेत! परीक्षा हाय!"

कर्णिकबाईंनी वाकून पाहिलं आणि त्यांचा आवाज अख्ख्या आवारात घुमला. "जगन! उघड ते फाटक! अरे, आमचे भिवाजी आहेत ते, बघतोस काय?"

फाटक उघडलं. पुढच्या आवारात भोंपू आधी पोचला आणि सायकल नंतर. ग्यालरीतून कुणी ओरडलं, "काय आहे आज?" आणि रडणं विसरून प्राप्तीच मागून ओरडली, "दोन जिताडी! परीक्षा आहे!" एका आजींनी स्वतःच्या हाताने कडी काढली. एकीने धुणं वाळत घातलेली दोरी वर धरली, तिच्याखालून तिघं मान वाकवून सुटली. भिवाजीच्या अंगात वारं शिरलं होतं. नाल्यावरच्या पुलाच्या चढावर तो रोज उतरून सायकल ढकलायचा. आज उतरला नाही. उभा राहून पायडल मारले, मांड्या पेटल्या, बंटी "हेइया हो" म्हणत होता, आणि चढ सरला.

पिंपळाखाली त्याचा हात आपोआप बाटलीकडे गेला.

"आजा, पाणी नको!" प्राप्ती किंचाळली.

हात परत हँडलवर आला.

शिपाई फाटक ओढत होता तेव्हा सायकल आत शिरली. गाठी सुटल्या. प्राप्ती पळाली, चार पावलांवरून परत आली, आज्याच्या घामट गालाचा मुका घेतला आणि पुन्हा पळाली. दोघंही कोरडी ठणठणीत पोचली होती. भिवाजीला इतकं बरं वाटलं, की तो फाटकाबाहेरच्या पायरीवरच बसला आणि एकटाच हसत सुटला.

बऱ्याच वेळाने विनिता आली. घामाघूम, आणि हातात कर्णिकबाईंनी दिलेला सरबताचा ग्लास.

"पोचली?"

"पोचली."

ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. "रस्ता विचारावाच लागला नाही मला. प्रत्येक ग्यालरीतून बायका सांगत होत्या, जिताडी इकडून गेली, जिताडी तिकडून गेली. फाटकं उघडीच ठेवलेली." तिने ग्लास रिकामा केला. "बाबा, मला वाटायचं, पोरांना तुम्ही एकटे नेता. इथे तर अर्धी डोंबिवली नेतेय. खोपटला भोंपू वाजवला तर कोण दार उघडणार आहे?"

भिवाजीने तिच्याकडे बघितलं. विचारायचा धीर होईना.

"नाही नेत खोपटला," तीच म्हणाली. "राहू दे तो भोंपूपण. पण पाणी नाही हं शिंपडायचं."

"नाय शिंपडनार," भिवाजी म्हणाला. आणि गाठ ओढून बघावी तसं त्याने ते दोनदा सांगितलं.

मुलं सुटेपर्यंत विनिता तिथेच थांबणार होती. भिवाजी रिकामी सायकल घेऊन निघाला. पिंपळाखाली थांबला, बाटलीचं झाकण काढलं आणि सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं. मग निथळत्या मिशांनी सायकलवर बसला आणि घरापर्यंत भोंपू वाजवत गेला.