बंदूक कोणीच ठेवून घेईना

आमच्या घरी बंदूक आहे म्हटलं की सौंसरच्या शाळेतल्या माझ्या सहकारी शिक्षिका डोळे मोठे करतात. त्यात एवढं दचकण्यासारखं काही नाही. मोहगावच्या रस्त्याला ज्यांचे संत्र्याचे जुने बगीचे आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी घरांत एखादी बारा बोअर निघते. रानडुकरं येतात, झाडांची आळी उकरतात, शेजारच्या मक्याची तर माती करतात. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, तरुणपणी परवाना काढला तो त्यासाठीच. माझं लग्न झाल्यापासून त्यांनी ती हवेतच उडवलेली मी पाहिली आहे. दर खंडेनवमीला ती तेल लावून पुसायची, विळे, कुदळी आणि फवारणीच्या पंपाशेजारी पाटावर ठेवायची, हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहायचं, आणि परत कपाटात. परवान्याचं छोटं पुस्तक मुदत संपायच्या आधी नवं करून आणायचं काम मामाजी कोणाला सांगत नसत. धुतलेली टोपी घालून स्वतः जात.

मग त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार.

बगीच्यात संत्र्याची तोड सुरू होती. व्यापाऱ्याने तोडीसाठी बाया पाठवल्या होत्या. रविवार होता म्हणून मी घरी होते. अंगणात एकदम सगळं शांत झालं म्हणून बाहेर आले, तर मामाजी फाटकात उभे, बंदूक खांद्याला लावलेली, आणि समोर झाडाखाली त्या बाया टोपल्या धरून जागच्या जागी थिजलेल्या. मामाजी पुटपुटत होते, "चोर घुसले बगीच्यात." मी त्यांच्या बाजूने गेले, समोरून नाही. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "मामाजी, चहा निवून राहिला." त्यांनी पावसातून आल्यावर छत्री द्यावी तशी बंदूक माझ्या हातात दिली आणि आत गेले. स्वयंपाकघरात नेऊन मी ती उघडली. एका नळीत काडतूस होतं.

मी यादी करून कामं करणारी बाई आहे. फ्रिजच्या दारावर कागद असतो, काम झालं की ओळ खोडते. त्या दुपारी सगळ्यात वर लिहिलं, बंदूक ठाण्यात जमा करणे. मला वाटलं आठवड्याभराचं काम आहे. परवाना चालू नसेल किंवा माणूस शस्त्र सांभाळण्याच्या स्थितीत नसेल तर ते पोलिसांकडे जमा करावं, एवढं मला वाचून माहीत होतं. कायदा आमच्याच बाजूने होता. अडचण एकच होती, पुस्तक घरात नव्हतं.

पुस्तक मामाजींनी स्वतःच, डोकं बरं चालत होतं तेव्हा, नवीनीकरणाला दिलं होतं. मध्ये आमचा जिल्हा नवा झाला. फायली जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात निघाल्या. जुन्या जिल्ह्याचे लोक म्हणत, आम्ही पाठवली. नव्या जिल्ह्याचे म्हणत, आमच्याकडे आली नाही. आमच्याजवळ उरली होती फक्त अर्ज दिल्याची पोच.

ती पोच आणि डॉक्टरांचा कागद घेऊन मी ठाण्यात गेले. लिहिण्या-ठेवण्याचं सगळं काम पाहणारे हवालदार असतात, त्यांना आमच्याकडे मुन्शीजी म्हणतात. त्यांनी दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले.

"बुक आनलं का?"

मी सांगितलं की बुक नवीनीकरणाला दिलं आहे, ही त्याचीच पोच.

"पोच पायली मी. बुकाबिगर मालखान्यात कशी ठेवू? उद्या कोनी म्हनन चोरीची हाये."

मालखाना म्हणजे ठाण्यातली जप्तीच्या आणि जमा वस्तूंची खोली. बुकाशिवाय बंदूक तिथे जाणार नाही, आणि बुकाशिवाय ती रस्त्याने आणायचीही नाही, कारण वाटेत कोणी धरलं तर ते सोडवायला येणार नाहीत, हे त्यांनी मला समजावून दिलं. वर म्हणाले, ज्याच्या नावाचं लायसन्स त्यालाच घेऊन या. मी म्हटलं, त्यांना इथे आणून त्यांच्याशी बोलता आलं असतं तर मी आलेच नसते. मग फाटकातला सगळा प्रकार सांगितला. काडतुसं बाजूला काढली आहेत, कपाटाला कुलूप आहे, किल्ली माझ्याजवळ आहे, हेही सांगितलं. त्यांना धीर वाटावा म्हणून सांगितलं. मुन्शीजी हसले.

"किल्ली तुमच्यापाशी? मंग त मॅडम, केस तुमच्यावरच बनते. लायसन बुढ्याचं अन् ताबा सुनेचा."

बाकावर बसलेला शिपाईही हसला. मी कागद गोळा केले आणि बाहेर आले. शाळेत मुलाने कितीही मूर्खपणा केला तरी मी त्याच्यावर हसत नाही. हे लोक एका भरलेल्या बंदुकीची गोष्ट ऐकून हसत होते.

म्हणजे हिशोब असा होता. घरात ठेवली तर धोका, आणि किल्ली सांभाळली म्हणून गुन्हाही माझाच. ठाण्यात न्यावी तर वाटेत गुन्हा आणि दारात नकार. नागपूरच्या परवानाधारक दुकानदाराला फोन केला, त्यांच्याकडे बंदुका जमा ठेवतात. त्यालाही पुस्तक हवं होतं. शिवाय आमचं गाव सीमेच्या या बाजूला आणि नागपूर दुसऱ्या राज्यात, तेव्हा मुदत संपलेल्या परवान्यावर राज्याची हद्द ओलांडायची बातच करू नका, असं तो म्हणाला. निदान तो नीट बोलला.

शाळेच्या सुट्ट्या मी नव्या जिल्ह्याच्या ऑफिसात घालवल्या. बाबू कधी जेवायला गेलेले असत, आणि ती जेवणं अकरालाही असत आणि चारलाही. कधी साहेब मिटिंगमध्ये. कधी फायलींचे गठ्ठे उघडलेलेच नाहीत, आणि ते गठ्ठे बाबूंच्याच पाठीमागे भिंतीला टेकून, सुतळीत बांधलेले. मी म्हटलं, मी बसते खाली, मी शोधते, नाव मला पाठ आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरले. सरकारी कागद असा कोणालाही हात लावू देता येत नाही म्हणे. त्याला धूळ लागू देता येते.

एकदा त्यांनीच सुचवलं, एवढी भीती वाटते तर परवाना सरेंडर करून टाका. मी लगेच कागद पुढे केला. तेव्हा कळलं की सरेंडर करायला आधी परवाना चालू पाहिजे, म्हणजे नवीनीकरण पाहिजे. मग मामाजींनी साहेबांसमोर स्वतः तसं सांगायला पाहिजे, मग ठाण्याचा रिपोर्ट यायला पाहिजे, आणि तो रिपोर्ट तेच मुन्शीजी देणार. तोपर्यंत बंदूक कुठे ठेवायची? "घरीच की," बाबू म्हणाले, "तुमचीच आहे ना."

वर तक्रार केली. काही दिवसांनी मोबाईलवर निरोप आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे. मी तो निरोप यजमानांना दाखवला. ते बगीच्याला पाणी देऊन आले होते, पाय धूत होते.

"तू काहून येवढी तापून राहिली?" ते म्हणाले. "सरकारी काम हाये. होईन हळूहळू."

हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, शाळेत ऐकते. सरकारी काम म्हणजे जणू गारपीट, कोणाच्या हातात नसलेली. गठ्ठ्याची सुतळी सोडणं कोणाच्या तरी हातात होतं, आणि त्या हातांना त्याचाच पगार होता. मी यजमानांना विचारलं, बगीच्यातल्या बायांना पुन्हा तोडीला बोलावताना त्यांना काय सांगायचं? होईन हळूहळू? त्यावर ते पाय पुसून आत गेले. खरं तर त्यांनाही भीती होतीच, ते फक्त ती बोलून दाखवत नव्हते.

घरात मी माझ्यापरीने व्यवस्था केली. बारा बोअरची नळी आणि लाकडी दस्ता सुटे होतात. नळी धान्याच्या कोठीमागे उभी केली, दस्ता माझ्या साड्यांच्या पेटीत, काडतुसं भावाकडे पांढुर्ण्याला. हेही कुठल्यातरी कलमात बसत असेल, पण विचारायला जाण्याची सोय राहिली नव्हती. मामाजी रिकामं कपाट रोज उघडून पाहत. मग घरभर शोधत. गाद्या उचलत, पलंगाखाली वाकत. कधी चष्मा शोधतोय म्हणत, पण मला माहीत होतं. एक दिवस मी ताट वाढत होते तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"चोर बाहेरचे नाई," ते म्हणाले. "घरातच हायेत. लायसन माह्या नावाचं हाये."

ते संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. मला रडू आलं असतं, पण आला तो राग, आणि तो त्यांच्यावर नव्हता. ते बरोबर बोलत होते. लायसन्स त्यांच्या नावाचं होतं, आणि आम्ही त्यांची वस्तू लपवली होती. गणवेशातल्या एका माणसाने दारात येऊन नीट मागितली असती तर हे काहीही झालं नसतं.

तो माणूस शेवटी आला. निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि सकाळीच कोटवार, म्हणजे आमच्याकडचा गावचा चौकीदार, नोटीस घेऊन दारात उभा. सर्व परवानाधारकांनी आपली शस्त्रं तात्काळ ठाण्यात जमा करावीत, अन्यथा कारवाई. दुपारी जीप आली. जीपमधून मुन्शीजी उतरले.

"बंदूक काहून जमा नाई केली आतापर्यंत?"

मी विचारलं, "बुकाबिगर घेता का?"

"आचारसंहितेत बुक नाई लागत, मॅडम. आना लवकर, अजून चार गावं बाकी हायेत."

मला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. भान हरवलेला म्हातारा बाया-माणसांवर नेम धरून उभा राहतो, तेव्हा मालखान्यात जागा नसते. नेत्यांच्या सभा व्हायच्या असतात, तेव्हा तीच बंदूक घ्यायला ठाणं जीप घेऊन घरी येतं. नियम तेच, मुन्शी तेच, मालखानाही तोच. फक्त जीव कोणाचा, हे बदललेलं.

मी कोठीमागून नळी आणली, पेटीतून दस्ता आणला. मुन्शीजींनी भुवया चढवल्या. ही अशी सुटी काहून?

"केस माझ्यावर बनू नये म्हणून," मी म्हटलं.

या वेळी ते हसले नाहीत.

आणि तेवढ्यात मामाजी बाहेर आले. त्यांनी टोपी घातली होती. कोणी सांगितलं नव्हतं, जीप पाहून त्यांनी आपणहून घातली होती. आयुष्यात दर निवडणुकीला त्यांनी बंदूक जमा केली होती, आणि ते कुठेतरी शाबूत राहिलं होतं. खुर्चीवर ताठ बसले. नळीवरचा नंबर बोटाने दाखवला. "पावती द्या," म्हणाले. सही केली, ती थोडी वाकडी आली. पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून द्या, एवढं मी मध्ये बोलले. पावती मामाजींनी घडी करून खिशात ठेवली, मुन्शीजींना चहा विचारला, आणि त्या संध्याकाळी माझ्या हातचं पोटभर जेवले. त्यानंतर त्यांनी कपाट उघडलं नाही. बंदूक गेल्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. ती नियमाने गेली होती, एवढंच त्यांना हवं होतं. ते करायला मुन्शीजींना जेमतेम एका चहाएवढा वेळ लागला होता.

निकाल लागले आणि ठाण्यातून फोन यायला लागले. बंदूक घेऊन जा, मालखान्यात गर्दी झाली आहे. मी फार नम्रपणे विचारलं की पुस्तक अजून आलेलं नाही, तर पुस्तकाशिवाय मी ती रस्त्याने कशी आणू? वाटेत धरलं तर?

"मॅडम," मुन्शीजी म्हणाले, "तुमी त आमालेच कायदा शिकवून राहिल्या."

"नाही हो. तुम्हीच शिकवला."

त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर विळे ठेवले, कुदळ ठेवली, पंप ठेवला. मामाजी पाटाकडे पाहत राहिले. काहीतरी कमी आहे एवढं त्यांना कळत होतं. मी पावती आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, निदान वाचल्यासारखं केलं. मग बंदुकीच्या जागी ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं, आणि हात जोडले.

दिवाळीच्या आधी नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. फाईल सापडली, नवीनीकरण झालं, पुस्तक तयार आहे, घेऊन जा. ज्या फोनसाठी मी इतक्या सुट्ट्या जाळल्या तो शेवटी आला होता. पुस्तक हातात पडलं की ठाणं बंदूक परत देणार. सरेंडरचा अर्ज दिला तरी बयान, रिपोर्ट आणि मिटिंगा होईपर्यंत ती राहणार आमच्याच घरात, आणि मामाजी पुन्हा कपाट उघडणार. हातातलं काम उद्यावर टाकू नका असं मी वर्गात सांगत आले. आज माझ्या घरातली माणसं आणि बगीच्यातल्या बाया सुरक्षित आहेत त्या एका अडून राहिलेल्या कामामुळे, आणि ते आता मी अडवलं आहे. ही पाळी त्यांनी माझ्यावर आणली, आणि हे मी त्यांना कधीही माफ करणार नाही.

यजमानांनी मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन विचारलं, "जाऊन आनू का पुस्तक?"

"नको," मी म्हटलं. "बाबू जेवायला गेले असतील."

सकाळचे दहा वाजले होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली खिळ्याला परत अडकवली.