शाळेच्या वाफ्यात मेंढरं

नसरापूर-वेल्हे गाडीवर कंडक्टरकीत जन्म घालवला आणि निवृत्त झाल्यावर गावच्या शाळेत बाग करायला लागलो. शेती मला खिडकीतून दिसायची तेवढीच ठाऊक. पण बाईंनी बागेसाठी माणसं हवीत म्हटल्यावर आम्ही गावातले तिघे रिकामटेकडे पुढे झालो, आणि सवयीनं मी साहेब झालो. पोरांना रांगेत उभं करून पाणी घालायला लावायचो. फाल्गुनात पालक वीतभर झाला, तेव्हा पारावर सगळ्यांना ऐकवून आलो की सोमवारी पोरांच्या खिचडीत शाळेचा पालक पडणार.

बागेसाठी प्रत्येक पोरानं काही ना काही आणलं होतं. कुणी बी, कुणी खुरपं. वरच्या वाडीतल्या मेंढपाळाची चौथीतली नात तेवढी रिकाम्या हातानं यायची, आणि बाकीची पोरं तिला तसं बोलून दाखवायची. आधीच ती आठवड्यातले तीन दिवस शाळेत दिसायची. तेही बंद होईल अशी मला धास्ती वाटत होती. म्हणून शनिवारी तिला म्हणालो, "आजोबांना सांग, बागेला लेंडीखत पाहिजे." मला पाटीभर हवं होतं.

सोमवारी सकाळी जाऊन बघतो तर बागेत तीस-चाळीस मेंढरं निवांत रवंथ करत बसलेली. फाटक सुतळीनं नीट बांधलेलं. पालकाचं एक पान शिल्लक नव्हतं. शाळेच्या पायरीवर आजोबा तंबाखू मळत होते.

"काल दुपारधरनं बसवल्यात," ते म्हणाले. "खत काय पाटीतनं देत्यात व्हय? रानात मेंढरंच बसवायची. लोकं त्याचं आमाला धान्य देत्यात. नातीच्या साळंकडनं काय न्हाई घ्यायचं."

"अहो बाबा, पण उभ्या पिकात?" माझा आवाज चढला.

"पीक कुठं हुतं? तुमी खत मागवलं, म्हंजी रान मोकळं झालं आसंल. जरा तण हुतं, त्ये बी मेंढरांनी साफ केलं."

दोन महिने जिवापाड जपलेल्या पालकाला हा माणूस तण म्हणत होता. माझं डोकं असं सणकलं की त्यांना मेंढरांसकट वाडीवर हाकलून द्यावं. तेवढ्यात पोरं आली. आजोबांची मेंढरं बघून नात हसत पुढे धावली आणि वाफ्यापाशी थबकली. त्या पालकाला तिनंही पाणी घातलं होतं. तिचा चेहरा पार उतरला.

"हिच्या मेंढरांनी आपला पालक खाल्ला," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली.

"कसला पालक?" भरल्या गाडीत लावायचो तो आवाज मी लावला. "तण होतं ते. मीच काढायला सांगितलं होतं. आणि एवढं खत आणलंय का तुमच्यापैकी कुणी?"

पारावर आजही मला तणाचा भाव विचारतात. विचारोत बापडे. पोर रोज शाळेत येते.