पितळी कानाचा कप

"घासलं काय?"

कोणी जुना कप पारखायला आणला की तो हातात घेण्याआधी माझ्या जुन्या वरिष्ठांचा हा प्रश्न ठरलेला. समोरचा माणूस अभिमानाने सांगे, "हो ना, चिंच लावून चकचकीत केलं." मग ते भिंग पुन्हा खिशात ठेवत आणि म्हणत, "मंग आता मी काय पाहू? पुरावा तर तुम्ही नालीत सोडून आले."

तुम्ही भंडाऱ्याकडचे असाल तर त्या माणसाचं काही चुकलं असं तुम्हाला वाटणार नाही. पितळी भांड्यांच्या या गावात धातूची वस्तू दिसली की हात आपोआप चिंचेकडे जातो. जुन्या काचेच्या कपांना धातूचे कान असत आणि त्यावर चांदीचा पातळ मुलामा. आमच्या आयाबायांनी दर दिवाळीला तो इमानदारीने घासून काढला आणि खालचं पितळ दिसल्यावर आता कुठे स्वच्छ झालं म्हणून समाधान मानलं.

जवाहरनगरच्या फॅक्टरीत ते आणि मी एकाच तपासणी विभागात होतो. मी त्यांचा कनिष्ठ. माल पास की नापास एवढंच सांगायची नोकरी. त्यांनी ती निवृत्तीनंतरही सोडली नाही, फक्त माल बदलला. त्यांचं घर पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं, त्यामुळे धातूची ओळख घरातली. काचेचं वेड कुठून लागलं, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सांगता येत नाही." ज्याचा पुरावा नाही त्याला त्यांचं हेच उत्तर. 'बहुतेक' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

वरठीचे एक गृहस्थ एकदा पणजोबांचा कप घेऊन आले. पणजोबांना तो म्हणे एका इंग्रज साहेबाने दिला होता. यांनी नक्षीवरून अंगठा फिरवला. "कापलेली काच नाही, साच्यातली आहे. कापलेल्या काचेची धार बोटाले लागते. हे गुळगुळीत आहे. आन् हा पाहा साच्याचा जोड." मग त्यांनी कानाचा स्क्रू दाखवला. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच होती.

"असे स्क्रू आपल्याकडं फार मागाहून आले. पणजोबा कधी वारले तुमचे?"

गृहस्थांनी सांगितलं.

"मंग साहेबानं वरतून पाठवला असन."

ते गृहस्थ सहा महिने यांच्याशी बोलले नाहीत. यांच्या ते लक्षातही आलं नाही.

अशा माणसाला मी आपणहून घरी बोलावलं, हा माझा शहाणपणा.

भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या घरी असाच एक कप होता. खोल कापलेली नक्षी, पितळेचा कान आणि त्याच कानाला जोडलेलं पितळी कडं, ज्यात कपाचं बूड बसायचं. माझा आजा मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी राबायचा. कामावर खूश होऊन मालकाने मानाने दिलेला हा कप, असं बाबांनी आम्हा भावंडांना लहानपणापासून सांगितलं होतं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हा कप तिला द्यायचा आणि सोबत त्याची हकीकत माझ्या या वरिष्ठांकडून कागदावर लिहून घेऊन द्यायची, असं मी ठरवलं. बाबा म्हणाले, "कायले पाहिजे? घरचा कप आहे, राहू दे." ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा संकोच, असं मी समजलो.

ते आले. नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, नाही घासला, बाबा कोणाला हातच लावू देत नाहीत. ते खूश झाले, म्हणजे त्यांनी मान हलवली. नक्षीवरून अंगठा फिरवला. "कापलेली. हाताची. इकडची नाही, बाहेरून आलेली. जुनी आहे." माझी छाती फुगली.

मग त्यांनी कप कड्यातून अलगद बाहेर काढला. तो निघतो हेच मला माहीत नव्हतं. बूड उलटं करून ते भिंगातून पाहत राहिले. बाबा बाजेवर उठून बसले.

मग त्यांनी माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं.

"काकाजी, लिहू की राहू देऊ?"

आमच्या एकवीस वर्षांच्या ओळखीत त्यांनी निकालाआधी कोणाची परवानगी मागितलेली मी पाहिली नव्हती.

बाबा म्हणाले, "लिहा. पोराले सांगा बी."

त्यांनी मला बूड दाखवलं. सगळं खडबडीत ओरखड्यांनी भरलेलं. "बशीत नाहीतर ट्रेमधी ठेवलेल्या कपाले असे ओरखडे पडत नाहीत. हा दगडावर ठेवत होते, रोज, कितीतरी वर्षं. आन् आता बूड कड्यात आहे, दगडाले लागतच नाही. म्हणजे ओरखडे आधीचे, कडं मागाहूनचं. काचेचा मूळचा कान तुटला, तिथं हा नवा बसवला. काम आमच्या भंडाऱ्याचं आहे."

"कोनाड्यात ठेवत," बाबा म्हणाले. "गोठ्याच्या. तुटका होता म्हणून आमच्यासाठी वेगळा काढला. वरतून चहा ओतत. मी बारका होतो, पाहिलं आहे मी."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी राग आला, मालगुजाराचा, मग बाबांचा, मग स्वतःचा. त्या कपाच्या मानाच्या गोष्टी मी फॅक्टरीच्या बसमध्ये कितीदा सांगितल्या होत्या.

बाबा बोलत राहिले. धम्म घेतल्यावर आज्याने मालकाचं घर सोडलं. निघताना कोनाड्यातला कप उचलून घेतला. कोणी अडवलं नाही, त्या कपाला हात कोण लावणार होतं? मग भंडाऱ्याला पायी जाऊन त्याला कान बसवून आणला, आणि मरेपर्यंत आपल्या ओसरीवर बसून त्यातच चहा प्याला.

वरिष्ठांनी खिशातून कागद काढला आणि तपासणीचा अहवाल लिहितात तसं लिहिलं. काच: जुनी, बाहेरची, हाताने कापलेली. बूड: दगडावर झिजलेलं. कान व कडं: पितळी, भंडाऱ्याचं काम, नंतरचं. मग थांबून विचारलं, "मालकाचं नाव?"

मी मालगुजाराचं नाव सांगू लागलो.

"त्याचं नाही. तुझ्या आज्याचं."

"सोमा," बाबा म्हणाले. "सारे सोम्याच म्हणत."

त्यांनी लिहिलं आणि खाली सही केली. चहा घेतला, चपला घातल्या, गेले.

त्याला आता दोन वर्षं झाली. मागच्या पौषात ते वारले. लोक अजून पिशवीत कप गुंडाळून त्यांच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. माझ्या मुलीने कप नेला नाही. तो माझ्या बाबांजवळच राहू दे म्हणाली. घरी कोणी पाहुणा आला की बाबा तो कागद त्याच्या हाती देतात आणि डोळे मिटून बसतात. पाहुणा मनातल्या मनात वाचत जातो आणि शेवटच्या ओळीशी येतो. तिथे लिहिलं आहे, मालक: सोमाजी.

तेवढं मोठ्यानं वाच, बाबा म्हणतात.