मागे वळलेला पक्षी

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी वाचते आणि मनातल्या मनात हसते. आमचं घर बौद्ध, बाबा आयुष्यभर चळवळीत. भूत, नवस, पुनर्जन्म... असलं काही त्यांना खपायचंच नाही. लगेच विचारायचे, "पुरावा काय?" तीच सवय मला लागली. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय, पण कुठेतरी सांगायला हवं.

मी सिडनीत एका युनिव्हर्सिटीच्या म्युझियममध्ये फुटकी भांडी जोडायचं काम करते, राहते स्कोफिल्ड्स या उपनगरात. बाबा गेल्यावर आईला नागपूरहून इकडे आणलं. तिला डिमेन्शिया आहे. मला ती ओळखत नाही, कामाला ठेवलेली बाई समजते. "बाई, तुम्ही जेवलात का?" सख्खी आई मला अहो-जाहो करते हो. तिने एकदा तरी मला 'तू' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तेव्हा माझ्या टेबलावर इजिप्तचं एक मडकं होतं. पिरॅमिडच्याही आधीचं, पिवळट मातीचं. त्यावर लालसर रंगात होड्या, लाटा आणि लांब मानेच्या पक्ष्यांची रांग, बहुतेक फ्लेमिंगो. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मधला एक तुकडा मात्र गायब होता. आमच्या कामात जे हरवलंय ते मनाने रंगवायचं नसतं. साधं प्लास्टर भरायचं, रंग थोडा फिका ठेवायचा, झालं. मीही तेच केलं.

अशाच एका शनिवारी सकाळी मी ज्वारीच्या भाकऱ्या करत होते. आई शेजारी बसलेली. परातीतल्या पिठात ती बोटाने काहीतरी काढायला लागली... लांब मानेचे पक्षी, रांगेत. ते मडकं तिने पाहिलेलं नाही, त्याचा फोटोसुद्धा नाही. मी म्हटलं बगळे असतील, तलावावर बघितलेले. फक्त मधल्या एका पक्ष्याने मान मागे वळवली होती आणि त्याच्या मागे एक इवलंसं पिल्लू होतं. मला इतकं गोड वाटलं की फोटो काढून लगेच नागपूरला दादाला पाठवला.

पुढे काही महिन्यांनी स्टोअररूम हलवताना माझ्या कलीगला, मेगनला, भलत्याच देशाच्या खोक्यात एक तुकडा सापडला. "इज धिस युअर्स, मेट?" मी प्लास्टर काढलं, तुकडा लावला. चपखल बसला. त्यावर एक पक्षी होता, मान मागे वळवलेला. मागे पिल्लू.

फोनवरचा पिठातला फोटो काढून शेजारी धरला, तर मानेचा बाकसुद्धा तोच. आणि पिल्लाच्या कडेला रंगात एक बोट उमटलेलं होतं. छोटं, लहान मुलाचं.

रीतसर परवानगी काढून मी त्या तुकड्याचा फोटो घरी नेला आणि रविवारी दुपारी आईला दाखवला. तिने पिल्लावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पुसलं नाहीस ना अजून? किती वेळा सांगितलं, सगळे एकाच दिशेला काढ. पण तू ऐकशील तर शपथ. वर ओल्या रंगात बोट घातलंस."

'तू' म्हणाली मला.

आणि तिने माझा उजवा हात ओढला, तर्जनी पदरात धरली आणि रंग लागल्यासारखी खसाखसा पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत, "बाई, तुमचा चहा झाला का?"

दादा म्हणतो योगायोग. मेगन म्हणते 'वीअर्ड' आणि विषय बदलते. बाबा असते तर एकच विचारलं असतं, "पुरावा काय?" त्या ठशातल्या रेषा मायक्रोस्कोपखाली अगदी स्वच्छ दिसतात, आणि बोटावरच्या रेषा लहानपणापासून बदलत नाहीत म्हणे. माझं बोट शेजारी धरलं की झालं.

मडकं अजून माझ्या टेबलावरच आहे. मी ग्लोव्ह्ज काढलेले नाहीत.